पूररेषेच्या वरचा संसार

खरेदीची बाधा हा शब्दप्रयोग वैद्यकाच्या ग्रंथांत आढळणार नाही. तथापि कोकणात ‘बाधा’ या शब्दाचा जो अर्थ आहे, म्हणजे धडधाकट माणूस तिन्हीसांजेला एखाद्या विशिष्ट वळणावरून जातो आणि परततो तो वेगळाच होऊन, तो अर्थ महाड-पोलादपूर भागातील गिऱ्हाइकाला इतका नेमका लागू पडतो की दुसरा शब्द शोधण्याचे कारण उरत नाही. असे गिऱ्हाईक कोथिंबिरीची जुडी आणण्यासाठी बाजारपेठेत उतरते आणि कोथिंबीर वगळून तीन वस्तू घेऊन घरी येते, त्यांपैकी निदान एक विजेवर चालणारी असते. हा प्रकार केवळ स्थानिक नव्हे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १९१५ च्या सुमारास त्याची नोंद ‘ओनिओमेनिया’ या नावाने केली असून, ग्रीक भाषेत ‘ओनिओस’ म्हणजे विकाऊ आणि ‘मेनिया’ म्हणजे वेड, अर्थात जे जे विक्रीला आहे ते ते आपल्या घरी असले पाहिजे अशी अनावर ओढ, असा त्या संज्ञेचा आशय आहे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ ज्या वर्गीकरणाचा आधार घेतात त्याच्या २०१३ मधील पाचव्या आवृत्तीत मात्र या विकाराला स्वतंत्र स्थान मिळालेले नाही, त्यामुळे आपण आजारी नसून केवळ हौशी आहोत असे म्हणण्याची सोय रुग्णाला राहते. ज्यांची मजल कर्जबाजारीपणापर्यंत आणि घरच्यांपासून खोकी लपवण्यापर्यंत गेली आहे त्यांनी समुपदेशकाकडेच जावे हे उत्तम; प्रस्तुत विवेचन सौम्य रुग्णांपुरते, म्हणजे जवळपास सर्वांपुरते, मर्यादित आहे.

मुळात या प्रदेशाला साठवणुकीचे वावडे कधीच नव्हते. मृग लागण्याआधीच्या दिवसांना कोकणात आगोट म्हणतात, आणि त्या दिवसांत पावसाळ्याची जी बेगमी केली जाते तिला आगोटीची खरेदी म्हणतात. तांदूळ, डाळी, कुटून आणलेला मसाला, खडे मीठ, आमसुले, पापड, कुरडया, सुकट, बोंबील, घराची ऐपत असेल तर सोडे, शिवाय लाकूडफाटा, गोवऱ्या आणि पडवीला बांधायचा प्लास्टिकचा कागद अशी ही यादी असून, ती पुरी झालेले घर आणि खरेदीच्या बाधेने झपाटलेले घर यांत परक्या माणसाला काहीही फरक दिसणार नाही, कारण दोन्हींतून चालायला वाट नसते. फरक आहे तो शेवटाचा. आगोटीची खरेदी पाऊस खाऊन टाकतो. दसऱ्यापर्यंत बोंबलांच्या पिशवीत वासाखेरीज काही उरत नाही आणि मसाल्याच्या बरणीचा तळ दिसू लागतो, आणि तळ दिसल्याखेरीज पुन्हा बाजाराकडे वळायचे नाही, एवढ्या एका अलिखित नियमावर घरोघरचे अर्थशास्त्र पिढ्यान्‌पिढ्या उभे होते. एअर फ्रायरला तळ नसतो. तो वापरला तरी संपत नाही आणि न वापरला तर मुळीच संपत नाही, त्यामुळे आता पुरे झाले असे सांगणारी खूण त्या वस्तूच्या अंगी कोठेही बसवलेली नाही.

उलट एक वस्तू दुसरीला बोलावते, आणि या गोष्टीला विद्वानांनी नावही दिले आहे. फ्रेंच विचारवंत दनी दिदेरो याने १७६९ मध्ये एक निबंध लिहून आपल्या जुन्या झग्याबद्दल हळहळ व्यक्त केली. नवा झगझगीत लाल झगा आला, त्याच्यापुढे खुर्ची दरिद्री दिसू लागली, ती बदलली, मग मेज, मग भिंतीवरची चित्रे, आणि अखेरीस घर सजले पण घरमालक त्यात उपरा वाटू लागला. १९८८ मध्ये ग्रँट मॅक्रॅकन या मानववंशशास्त्रज्ञाने या साखळीला ‘दिदेरो परिणाम’ असे नाव दिले. महाड परिसरात झग्याची जागा फ्रिज घेतो. दोन दारांचा फ्रिज आला की त्याच्या शेजारचा कडाप्प्याचा ओटा काळवंडलेला दिसतो, ओट्याला ग्रॅनाइट आले की खालच्या डब्यांना ट्रॉली लागते, ट्रॉलीत जुने पितळी डबे मावत नाहीत म्हणून एकसारख्या प्लास्टिकच्या डब्यांचा संच येतो, आणि मग फ्रिजमध्ये काय आहे असे पाहावे तर आदल्या दिवशीचे वरण आणि अर्धे लिंबू.

पूर्वी या साखळीत मधे कोठेतरी वाण्याची वही येत असे. वस्तू घेताना मिळणारे सुख आणि पैसे मोजताना होणारी यातना ही एकमेकांना तोलून धरतात, आणि देणे जितके अदृश्य तितकी यातना कमी, असे ड्रेझन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टीन यांनी १९९८ मध्ये सविस्तर मांडले. परंतु वाण्याच्या दुकानी ही यातना नुसती वैयक्तिक नसून सार्वजनिक होती, हा त्यांच्या सिद्धान्ताला जोडण्यासारखा कोकणी भाग होय. दुकानदार पेन्सिल कानामागून काढतो, वही उघडतो, पान उलटतो, आणि चार गिऱ्हाइकांच्या देखत अत्यंत मऊ आवाजात विचारतो, “मागचे राहिलेत, तेपण यातच लिहू ना?” या एका प्रश्नाने जितक्या बिस्किटांचे पुडे फळीवर परत गेले असतील तितके कोणत्याही बचतगटाच्या व्याख्यानाने गेले नसतील. रोख व्यवहारातही नोट हाताने सुटी करावी लागे आणि तिच्यावर कोणाची तरी सही असे. येथे सांगितलेच पाहिजे की रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, जे पुढे १९५० ते १९५६ या काळात देशाचे अर्थमंत्री होते, यांचा जन्म १८९६ मध्ये महाड तालुक्यातल्या नाते या गावचा. म्हणजे एके काळी महाडच्या पेठेत नोट मोडणारा माणूस आपल्याच तालुक्यातल्या एका अत्यंत हुशार गृहस्थाच्या सहीदेखत ती मोडत असे, आणि तेवढा संकोच पुरेसा होता. २०१६ पासून मोबाइलवरून पैसे देण्याची यूपीआय पद्धत आली, वहीही गेली आणि सहीही गेली. आता दुकानातल्या खोक्यातून बाईच्या आवाजात रक्कम प्राप्त झाल्याची घोषणा होते आणि गिऱ्हाइकाला आपण काही दिले नसून काही जिंकले आहे असे वाटते.

बाजाराला बंद होण्याची वेळ होती, हेही विसरता कामा नये. रायगडावरील बाजारपेठेत उंच जोत्यांच्या दुकानांच्या दोन रांगा समोरासमोर आहेत आणि जोती इतकी उंच का, तर घोड्यावर बसल्याबसल्या सौदा करता यावा म्हणून, अशी लोकप्रिय समजूत आहे. ती खरी असो वा नसो, तिच्यात एक मार्मिक सूचना दडलेली आहे, ती म्हणजे घोडेस्वाराला घेता येईल तेवढेच घेणे, कारण घोड्याला मागे डिकी नसते आणि मोफत घरपोच सेवा त्या काळी फक्त शत्रू देत असे. सूर्यास्तानंतर गडाचे दरवाजे बंद होत. दूध विकायला आलेली हिरकणी गवळण दरवाजे मिटल्यामुळे अडकली आणि तान्ह्या मुलाच्या ओढीने अवघड कडा उतरून गेली, ही कथा मातृप्रेमाची म्हणून सांगितली जाते व ते योग्यच आहे; परंतु बाजाराच्या अभ्यासकाने तिच्यातून एवढेही टिपून ठेवावे की तेव्हाची पेठ ठरल्या वेळी बंद होई आणि राजाच्या गडावरही ‘फक्त दोन मिनिटं’ चालत नसे. वर्षात साडेतीन मुहूर्त होते, गुरुपुष्यामृत धरले तर आणखी थोडे. आजची मोबाइलमधली पेठ रात्री बारा वाजता उघडते, तिला कडा नाही, दरवाजा नाही, आणि तिच्यात अडकलेल्याची घरी कोणी वाट पाहत असेल तर तेही शेजारच्या खोलीत त्याच पेठेत हिंडत असते.

पाऊस, वही आणि दरवाजा हे तिन्ही अडसर निकामी झाल्यावर या भागात आणखी दोन उरले, ते मात्र माणसाने बसवलेले नसून भूगोलाने बसवलेले आहेत, आणि म्हणूनच त्यांना सवलतीच्या जाहिरातींनी हलवता आलेले नाही. त्यांपैकी महाडचा अडसर पाण्याचा. सावित्री नदी महाबळेश्वरावर उगम पावून पोलादपूरमार्गे महाडला येते, गांधारी आणि काळ या नद्या तिला याच परिसरात मिळतात, आणि खाली बाणकोटच्या खाडीला भरती असेल तर आलेले पाणी पुढे सरकायला तयार होत नाही. ते मग शहरात शिरते. नियोजनाच्या भाषेत निळी पूररेषा म्हणजे सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी आणि लाल पूररेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पुराला सरासरी काढता येत नाही, असे यावर महाडकराचे मत आहे आणि २००५ व २०२१ या दोन्ही वर्षांचा जुलै पाहिलेल्या माणसाशी या बाबतीत वाद घालण्यात अर्थ नाही. २०२१ च्या त्या दिवसांत डोंगराकडच्या वाड्यांवर दरडी कोसळून जे ओढवले त्याला विनोदाच्या आसपासही आणणे अयोग्य ठरेल. येथे विषय आहे तो फक्त सामानाचा.

पाणी चढू लागले आणि भोंगा वाजला की सखल भागातल्या घरात सामान वर नेण्यास सुरुवात होते. वर म्हणजे माळ्यावर, जो कौलारू घरात लाकडी पाटांचा असतो आणि ज्याच्याकडे एका अरुंद, काटकोनात वळणाऱ्या जिन्याने जावे लागते. या प्रसंगी वस्तूंचा जो क्रम लागतो तो कोणत्याही अर्थशास्त्रीय सर्वेक्षणापेक्षा प्रामाणिक असतो. पहिल्या फेरीत देव्हाऱ्यातले देव आणि कागदपत्रांची पिशवी, म्हणजे रेशनकार्ड, सातबारा, मुलांच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला. दुसरीत तांदूळ आणि गॅसचा सिलिंडर. तिसरीत गाद्या, ज्या कोरड्या असताना दोघांना आणि भिजल्यावर सहा जणांनाही उचलत नाहीत. चौथीत टीव्ही व मिक्सर. पाचव्या फेरीपासून विचार सुरू होतो. जिन्याच्या मधल्या पायरीवर एका हातात रोटी मेकर आणि दुसऱ्या हातात कधीही न उघडलेल्या डिनर सेटचे खोके घेऊन उभ्या असलेल्या गृहिणीला खालून सासूबाई विचारतात, “अगं, हे कशाला घेतलं होतं?” खरेदीच्या बाधेवरील सर्व उपचारपद्धतींचे सार या प्रश्नात आहे, फक्त तो दुकानात विचारायचा असतो आणि विचारला जातो कमरेइतक्या पाण्यात.

या सर्व वस्तूंत अभ्यासाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची ती व्यायामाची सायकल. एका जागी उभी राहून चालणारे हे वाहन सहसा जानेवारीत घेतले जाते, फेब्रुवारीपासून त्याच्यावर टॉवेल वाळतात, आणि जूनपर्यंत ते घरातील इतर फर्निचरात इतके मिसळून जाते की पाहुणे त्याच्या सीटवर चहाची बशी ठेवतात. पुराच्या रात्री मात्र ती एकाएकी व्यायाम देऊ लागते. तिचे वजन पुष्कळ, पकडायला सोयीची जागा एकही नाही, आणि जिन्याच्या वळणावर तिचे हँडल कठड्यात असे अडकते की बाप खाली, मुलगा वर आणि सायकल मध्ये अशा अवस्थेत किमतीची, हप्त्यांची आणि ती घ्यावी असा आग्रह प्रथम कोणी धरला याची संपूर्ण चर्चा पार पडते. टाकून द्यावी तर हप्ते बाकी, न्यावी तर पाणी तिसऱ्या पायरीवर. येथे ‘हप्ता’ या संज्ञेचे स्पष्टीकरण आवश्यक आहे: वस्तू नकोशी झाल्यानंतरही तिची किंमत देत राहण्याच्या व्यवस्थेला हप्ता म्हणतात, आणि तो ‘बिनव्याजी’ असल्याचे सांगितले असता गिऱ्हाइकाला तेवढ्यापुरता आपण बँकेला फसवल्याचा आनंद मिळतो.

पूर हा इतका कठोर हिशेबतपासनीस असताना महाडमध्ये खरेदीची बाधा शिल्लकच राहू नये, असा तर्क कोणी करील. परंतु तो चुकीचा ठरतो. पाणी ओसरते, गाळ उपसला जातो, रस्त्याच्या कडेला गाद्या, कपाटे, फ्रिज आणि वह्यापुस्तके यांचे ढिगारे लागतात, आणि त्या आठवड्यात प्रत्येक घरात, यापुढे लागेल तेवढेच, असा निर्धार होतो. हा निर्धार साधारणपणे दिवाळीपर्यंत टिकतो, म्हणजे कोणत्याही निर्धाराच्या मानाने चांगलाच टिकतो. इतकेच नव्हे, तर पूर स्वतःच खरेदीचे निमित्त होऊ शकतो. २०१९ च्या महापुरानंतर सांगली-कोल्हापूरकडे भिजलेल्या कपड्यांचे सेल लागले आणि ज्यांची स्वतःची कपाटे नुकतीच वाळत घातलेली होती तेही रांगेत उभे राहिले, याचा अर्थ फुकट ते पौष्टिक या न्यायाला ओले ते स्वस्त असे उपकलम जोडावयास हरकत नाही. तरीही महाडच्या पुरानुभवी घरात एक बदल टिकून राहतो. तेथे नवी वस्तू पाहताना किंमत, रंग, वॉरंटी यांच्या आधी नजर तिच्या बुडाखाली जाते आणि खरेदीदार ती सहज म्हणून एकदा उचलून बघतो. विक्रेत्याला वाटते, गिऱ्हाईक दणकटपणा तपासत आहे. गिऱ्हाईक जिना मोजत असते.

पोलादपुराकडे पाण्याऐवजी चढ हे काम करतो. आंबेनळी आणि कशेडी या दोन घाटांच्या पायथ्याला वसलेल्या या तालुक्यातल्या कित्येक वाड्या डोंगराच्या कुशीत असून, मुख्य रस्त्याचा फाटा एकीकडे आणि घर दुसरीकडे, मधे चढण, अशी त्यांची रचना असते. गौरी-गणपतीला आणि शिमग्याला मुंबईचा चाकरमानी, म्हणजे पोटापाण्यासाठी शहरात राहणारा परंतु हिशेबाला गावचाच असणारा माणूस, एसटीतून फाट्यावर उतरतो तेव्हा त्याच्यासोबत शहरातील सर्व सेलचे अवशेष असतात. फाट्यावर ते सर्व अत्यावश्यक असतात. पहिल्या वळणापर्यंतही त्यांतले बहुतेक आवश्यक राहतात. दुसऱ्या वळणावर, घाम डोळ्यांत उतरल्यावर, नॉनस्टिक भांड्यांचा संच आणि त्यावर मोफत मिळालेला तवा यांविषयी मतपरिवर्तन होऊ लागते, आणि घर दिसू लागते तेव्हा चाकरमान्याला प्राचीन भारतीय विचारातील अपरिग्रह, म्हणजे गरजेपलीकडे न घेण्याचे व्रत, एकही ग्रंथ न वाचता समजलेले असते. ओसरीवर आजी बसलेली असतेच. ती सामान निरखते, प्रत्येक यंत्र हातात घेऊन उलटेपालटे करते आणि एकच विचारते, “ह्यात भात शिजतो काय?” शिजत नसेल तर ती वस्तू तिच्या लेखी खेळणे असते, आणि ती मुलांकडे दिली जाते, जी तिचा खरा उपयोग संध्याकाळपर्यंत शोधून काढतात.

मोबाइलवरून मागवण्याच्या सोयीने हा चढ सपाट होईल असे भाकीत करणाऱ्यांनी डोंगरातील रेंजचा विचार केलेला नव्हता. अशा वाडीवर रेंज घरात येत नाही. ती एखाद्या कातळावर, एखाद्या आंब्याच्या विशिष्ट फांदीखाली किंवा देवळाच्या मागच्या कोपऱ्यात येते, आणि खरेदीची इच्छा झालेल्या माणसाला प्रथम तिथवर चालत जावे लागते. तेथे वस्तू निवडावी, पत्ता भरावा, पैसे देण्यापर्यंत यावे, तर खात्रीसाठी येणारा सांकेतिक आकडा, ज्याला ओटीपी म्हणतात, तो येण्याच्या नेमक्या क्षणी ढग उतरतो. आकडा येतो तो मुदत संपल्यावर, माणूस जेवायला घरी परतल्यावर, पुढच्या खेपेस त्याच कातळावर. तोवर इच्छाही बहुधा निवलेली असते. मनात आलेली खरेदी चोवीस तास थांबवून पाहावी असा सल्ला शहरातले समुपदेशक हल्ली पैसे घेऊन देतात. डोंगरात तीच सेवा हवामानाकडून विनामूल्य मिळते. समजा मागणी गेलीच, तरी पार्सल वाडीवर चढत नाही, ते खाली स्टँडजवळच्या ओळखीच्या दुकानात येऊन पडते, आणि दुकानदाराचा निरोप येतो की, तुमचं खोकं आलंय, सवडीने या. सवड दळण, दवाखाना आणि बँक ही तिन्ही कामे एकत्र जमतील तेव्हा मिळते. तोपर्यंत आत नेमके काय आहे याचे विस्मरण होऊन खोके उघडताना पुन्हा एकदा आश्चर्याचा आनंद होतो, हा या पद्धतीचा एक दोष मानावा लागेल.

महाडच्या उत्तरेस, मुंबई-गोवा महामार्गाच्या अगदी कडेला, गांधारपाले येथे डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी आहेत. तेथे राहणाऱ्या भिक्षूला परंपरेने आठ वस्तू बाळगण्याची मुभा होती: तीन चीवरे, म्हणजे अंगावरची वस्त्रे, भिक्षापात्र, कमरपट्टा, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचे फडके. पश्चिम भारतातील लेण्यांच्या दानलेखांत व्यापाऱ्यांची नावे वारंवार येतात, म्हणजे ज्यांनी आयुष्यभर विकले त्यांनीच, काहीही विकत न घेणाऱ्यांच्या निवाऱ्याचा खर्च उचलला, आणि यात त्यांचा धंदा बुडाल्याचे कोठे नमूद नाही. आज लेण्यांच्या पायथ्यावरून दिवसरात्र मालाचे ट्रक जातात. त्यांतल्या कितीतरी खोक्यांत वस्तू एक आणि वेष्टने आठ असतात.

आठ वस्तूंवर संसार चालणार नाही हे उघड आहे. नुसत्या कुरडया करायलाही त्याहून जास्त लागतात. महाडच्या सखल भागातील अनुभवी घरांनी त्यामुळे मधला मार्ग काढलेला दिसतो. खाली काय ठेवायचे आणि वर काय, हे तेथे मे महिन्यातच, आगोटीच्या सामानाबरोबर ठरते, आणि जे एकदा वर गेले ते सहसा खाली येत नाही, कारण उतरवण्यासाठी पुन्हा त्याच जिन्याने यावे लागते. व्यायामाची सायकलही अशीच वर राहून गेली आहे. हप्ते केव्हाच फिटले. तिच्या हँडलला आता सुकटीची पिशवी टांगलेली असते, आणि घरातल्या सर्वांचे यावर एकमत आहे की त्या जागी मांजर पोहोचत नाही.